पूजेला बसलेला चाकू

माणसं चाकूला जितकं छळतात तितकं शेजाऱ्यालाही छळत नसतील. चाकूच्या टोकानं स्क्रू फिरवतात, रंगाच्या डब्याची झाकणं उघडतात, कोणी तर दगडावर घासून त्याला धार लावली म्हणतात. मग मूठ डुगडुगायला लागली, पातं अर्ध्यात अडकायला लागलं की माझ्याकडे येतात आणि वर तोंड करून म्हणतात, "बाई, माल खराब निंघाला." अशा वेळी माझं डोकं फिरतं. तीस वर्षं झाली, देवळीच्या बसस्टँडमागे माझं धारेचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. आधी वडलांचं होतं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून हातोडी माझ्या हातात आली आणि लीलाबाई धारवाली हे नाव गावानंच ठेवलं.

रूपराव मात्र चाकू सांभाळणारा माणूस होता. गावाबाहेरच्या एका जिनिंगवर तो फिटर होता. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी निघते आणि रुई वेगळी. ही रुई मशीनच्या शाफ्टला, रोलरच्या टोकांना गुंडाळत जाते, दाबली जाऊन लाकडासारखी घट्ट होते. मशीन बंद करून ती कापून काढायची, हे रूपरावचं रोजचं काम. त्यासाठी त्याच्या खिशात एक घडीचा चाकू असायचा. बोटभर लांब पातं, शिंगाची मूठ, तिची एक बाजू तुटल्यावर मीच सागवानाचा तुकडा बसवून दिलेला. रोज पोटासाठी वापरलेलं हत्यार वेगळंच दिसतं. पातं मधोमध झिजून किंचित खोलगट झालं होतं, पण त्याच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता.

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो चाकू माझ्याकडे आणून द्यायचा. मी खिळा काढून चाकू सुटा करायची, सांध्यात गच्च बसलेली वर्षभराची रुई टोच्यानं उकरायची, सगळे भाग डिझेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायची. मग सायकलच्या स्पोकचा तुकडा कापून नवा खिळा करायचा, त्याची दोन्ही टोकं ऐरणीवर हलक्या हातानं ठोकायची. जास्त ठोकला तर पातं हलत नाही, कमी ठोकला तर डुलतं. पातं उघडताना एकदाच "टक" असा आवाज आला पाहिजे. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दोन नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या हत्यारांबरोबर तो चाकू पूजेला बसायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रूपराव येऊन घेऊन जायचा.

चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला असंच सगळं ठरल्यासारखं झालं. सकाळी नऊलाच मी लाल कापड अंथरलं. हातोडी, कानस, पकड, धारेचे दगड आणि रूपरावचा चाकू मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. वडलांचा एक नियम होता, तो मी आयुष्यात कधी मोडला नव्हता. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही. उचललं तर ते वर्षभर रक्त काढतं.

दहाच्या सुमाराला रूपराव सायकलवरून आला. अंगात कामाचे कपडे होते.

"बाई, चाकू द्या बरं."

"काऊन? आज दसरा हाय ना!"

"मॅनेजरनं बलावलं. अकरा दहाचा मुहूर्त हाय म्हणते मशीन चालू कराचा. अन् रोलरले मागच्या सीझनची रुई तशीच गुंडाळून हाय. कोणी काढलीच नाई."

मला संताप आला. सीझन संपल्यापासून मशीन धूळ खात पडली होती तेव्हा कोणाला रुई दिसली नाही, आणि सणाच्या दिवशी माणसाला घरातून उठवलं! जिनिंगचा मॅनेजर महादेवराव. आठवड्याला तीन वेळा त्याच्या रागाचे किस्से माझ्या कानावर यायचे, पण तो प्रत्यक्ष माझ्या दुकानात कधी आला नव्हता. सगळा राग मी समोरच्या माणसावर काढला.

"तुह्या मॅनेजरले सांगजो, आज हत्यारं बसली हायेत. उद्या सकाळी येजो. मी पूजा मोडत नसते कोनासाठी."

"बाई, पाच मिनिटाचं काम हाय. आणून देतो परत."

"नाई म्हणजे नाई."

तो कापडावरच्या चाकूकडे बघत उभा राहिला. भांडणारा माणूस नव्हताच तो. मग म्हणाला, "बरं. हातानं काढतो मंग. टाइम लागन थोडा."

आणि मी म्हणाले... हे शब्द मी पुढे कित्येक महिने कोणाला सांगितले नाहीत. मी म्हणाले, "मशीन तं बंदच हाय ना? मंग काढ हातानं."

तो गेला.

दसऱ्याच्या दुपारी आमच्याकडचा बाजार सामसूम असतो. सगळी मंडळी जेवून आडवी झालेली, संध्याकाळी सोनं द्यायला निघायची. मी दुकानातच बसले होते, पूजेजवळ कोणीतरी असावं म्हणून. ऊन पांढरं झालं होतं. पंखा बंद होता, तरी झेंडूच्या पाकळ्या हलताना दिसल्या. मग वास आला. तापलेल्या चामड्याचा आणि जळलेल्या रुईचा वास. जिनिंगच्या रोलरवर चामडं असतं, त्यामुळे त्या बाजूनं वारा आला की हा वास गावाला नवीन नाही. पण त्या दिवशी वारा नव्हता.

मान वर केली तर उंबऱ्याबाहेर रूपराव उभा होता. समोर घड्याळ टांगलेलं आहे, त्यात तीन वाजले होते, म्हणून वेळ पक्की सांगते. सायकल दिसली नाही. त्याचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत रुईनं भरलेला होता, इतका की बाहीसुद्धा दिसत नव्हती. मला वाटलं, काम करून आलाय.

"बाई... चाकू द्या."

"अजून नाई निंघाली का ते रुई?"

"नाई... सुटून नाई राह्यलं."

"मी सकाळीच सांगतलं ना तुले?"

"द्या ना बाई..."

त्याचा आवाज त्याचाच होता, पण तो कोणीतरी दूरच्या खोलीतून बोलावं तसा येत होता. तोंड माझ्याकडे होतं आणि नजर कापडावरच्या चाकूवर. मला कसंतरी झालं. आणि मला कसंतरी झालं की मी आवाज चढवते, ही माझी जुनी खोड.

"उद्या सकाळी! एकदा सांगतलेलं समजत नाई का?"

"सुटत नाई बाई..." इतकंच म्हणाला. मग मी पदर सावरायला खाली बघितलं असेन, तेवढ्यात उंबरा रिकामा झाला. पावलांचा आवाज आला नाही. उंबऱ्यावर रुईचा एक बोंडाएवढा पुंजका पडला होता. उचलला तर कोमट लागला.

साडेतीनला बंडूजी आला. शेजारी त्याची चहाची टपरी आहे. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "रूपराव गेला, बाई. जिनिंगवर. मशीननं हात वढला, खांद्यापोवतर. जागच्या जागी गेला."

"कोणता रूपराव? आत्ताच तं येऊन गेला ना इथं!"

"सकाळी अकरा वाजून दहा मिनिटानं गेला तो," बंडूजी म्हणाला. "मी तिथूनच येऊन राह्यलो. पाच तास झाले."

पाच नाही, जेमतेम सव्वाचार. पण तेव्हा हिशेब करायची शुद्ध कोणाला होती!

चौथ्या दिवशी गावात बातमी फिरली की महादेवरावानं जबाब काय दिला. मशीन पूजेसाठी सकाळपासून चालूच होती, रूपरावला कोणी काही काम सांगितलंच नव्हतं, तो दारूच्या नशेत आला आणि चालू मशीनमध्ये चाकू घालून रुई काढायला लागला. चाकू जागेवर सापडला, असंही त्यात होतं. ज्या माणसानं लग्नाच्या वरातीत सरबताचा ग्लाससुद्धा आधी हुंगून घेतला, तो म्हणे दारू प्याला! आणि चाकू? चाकू माझ्या लाल कापडावर कुंकू लावून बसलेला होता! मेलेल्या माणसाच्या तोंडावर काळं फासायचं, आणि ते पुसायला तो उठून येणार नाही याची खात्री बाळगायची. मी उठून त्याच्या घरी गेले. रूपरावची बायको प्रमिला पडवीत बसून एकच म्हणत होती, "बाई, माहा माणूस दारू पेत नव्हता... लिवलेलं खोडाले लावा." तिला दुसरं काही नको होतं. त्यांची मुलगी सुरभी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला खोली घेऊन नर्सिंग शिकत होती. ती भिंतीला टेकून उभी होती.

मी चाकू रुमालात बांधला आणि ठाण्यात गेले. जागेवर सापडला म्हणून दाखवलेला चाकू पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीचा, पेरू कापायचा होता. रूपरावनं असला चाकू हातात धरला नसता. मी तसं बजावून सांगितलं. लिहून घेणाऱ्या पोरसवदा हवालदारानं सगळं शांतपणे लिहिलं आणि मग विचारलं, "मयत तुम्हाला शेवटचा कधी भेटला?"

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आदल्या दिवशी. चाकू द्यायले आलता."

का म्हणाले असं? तीन वाजताचं सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं, हे मी स्वतःला समजावलं. पण सकाळी दहाचं सांगायला काय झालं होतं? ते तर जिवंत माणसाचं येणं होतं. तेही मी गिळलं. आणि शेवटी माझा जबाब वायाच गेला, कारण माणसाकडे दोन चाकू असू शकतात, असं उत्तर तयार होतं.

तेरवीच्या सकाळी उठले तर माझ्या उजव्या मनगटावर रुई होती. हाताला दोरा बांधावा तसा बारीक, घट्ट, पांढरा वळसा. ओढला तर सुटेना. कात्री लावली, कात्रीची धार वळली. पाणी तापवून हात बुडवला तर रुई ओलीसुद्धा झाली नाही. बंडूजीसमोर हात धरला. तो म्हणाला, "काय पाहू? हात तं चांगला हाय." शेवटी काय वाटलं कोण जाणे, मी रूपरावचा चाकू उघडला. टक. पातं टेकवताच वळसा सुटून पडला. पण त्या एका कापण्यानं धार अशी गेली की जणू तार कापली होती. मी दगडावर पुन्हा धार लावली. दुसऱ्या सकाळी वळसा परत आला.

रोज एक वळसा आणि रोज धार. धार लावणं म्हणजे पोलाद झिजवणंच असतं. दोन महिन्यांत पातं दिसण्याइतकं अरुंद झालं.

डिसेंबरमध्ये, मंगळवारी भर दुपारी, महादेवराव माझ्या दुकानात आला. मफलरनं उजवा हात गुंडाळलेला होता. मी त्याला बस म्हटलं नाही. त्यानं मफलर सोडला. मनगटापासून कोपरापर्यंत रुईच रुई, एकावर एक दाबून बसलेली, रोलरवर बसते तशी.

"तुमाले... दिसते का, बाई?"

"दिसते."

त्यानं हात माझ्यापुढे धरला. "वर्ध्याले तीन डॉक्टर केले. त्यायले दिसतच नाई. बायकोले दिसत नाई. रात्री आवळते हो... रूपरावचा चाकू तुमच्यापाशी हाय म्हणतात. त्यानं तरी सुटन. कापून द्या."

इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडापर्यंत आला. मी म्हणाले, "ठाण्यात तं चाकू सापडला सांगतला तुमी. तो काऊन नाई वापरत? पिवळ्या मुठीचा?"

त्यानं मफलर पुन्हा हाताला गुंडाळायला घेतला.

"कापते. पण आधी लिवा. जसं झालं तसं."

बंडूजीला साक्षीला बोलावलं. कोरा कागद दिला. महादेवरावानं डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं. रूपरावला मीच घरून बोलावलं. तो दारू प्यालेला नव्हता. मशीन बंद होती. त्याच्या हातात चाकू नव्हता, तो हातानं रुई काढत होता. त्याला वेळ लागत होता. मुहूर्त टळू नये म्हणून बटण मी दाबलं. मला वाटलं त्याचा हात बाहेर आहे. पिवळ्या मुठीचा चाकू मागाहून मी ठेवला.

मुहूर्त टळू नये म्हणून! माणूस टळला तरी चालेल! मी तो कागद दोनदा वाचला, खाली सही घेतली, मग चाकू काढला. कापायला बराच वेळ लागला. मधे दोनदा थांबून धार लावावी लागली. खाली पडलेली रुई एका पायलीत मावली नसती.

जाताना तो दारात वळला. माझ्या मनगटाकडे त्याचं लक्ष गेलं होतं. त्या दिवसाचा वळसा मी अजून कापला नव्हता.

"तुमच्या हाताले काऊन हाय, बाई?" त्यानं विचारलं. "तुमी तं काई केलं नाई ना?"

"चालते व्हा इथून!" मी ओरडले. इतकी ओरडले की टपरीवरची माणसं उठून बघायला लागली.

कागद ठाण्यात गेला. दारूचं खोडलं गेलं, महादेवरावावर खटला उभा राहिला, जिनिंगला कुलूप लागलं, वीजही तोडली. प्रमिलाला हवं होतं ते मिळालं. मला वाटलं, आता संपलं. पण माझ्या हाताला रुई येतच राहिली. आणि महादेवरावाचा निरोप आला की त्याच्याही हाताला परत आली. मग लिहून घेऊन उपयोग काय झाला, हे मला कळेना.

उन्हाळ्यात सुरभी आली. वडलांचा चाकू मागायला. अंगानं वाळली होती. उजव्या मनगटावर तिनं रुमाल बांधलेला होता. मी त्या रुमालाकडे बघितलं. तिनं माझी नजर पाहिली, गाठ सोडली आणि हात पुढे केला.

"तुमाले दिसते ना, काकू?"

तीन बोटं रुंद पट्टा होता. मी रडले नाही, मला राग आला. रूपरावचाच राग आला! मेला म्हणून काय झालं, स्वतःच्या लेकराच्या हाताला हात घालायचा? तिनं काय घोडं मारलं होतं त्याचं?

"मी फोन केलता बाबाले," ती म्हणाली. "अकरा वाजता. लवकर या म्हटलं, सोनं द्याले संगंच जाऊ. ते म्हणाले, हातातलं काम झालं का निंघतो, चाकू नाई माह्यापाशी... म्हणून टाइम लागून राह्यला." ती थांबली. "काकू, चाकू तुमच्यापाशी होता. ते मागाले आलते का?"

बाहेर देवळी-वर्धा बस हॉर्न वाजवत होती. मला खोटं बोलायला भरपूर वेळ होता.

"आला होता," मी म्हणाले. "दहा वाजता. मी देला नाई. पूजेत होता म्हणून. हातानं काढ म्हटलं मी त्याले. मीच म्हटलं." महादेवरावानं मुहूर्त पाळला होता आणि मी पूजा पाळली होती. त्याच्यावर इतके महिने तोंडसुख घेतलं, पण रोलरपर्यंत रूपरावचा हात पोचवला तो आम्ही दोघांनी मिळून. हे तिला सांगताना मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. मग तीन वाजताचंही सांगितलं. सगळं.

मला वाटलं ती उठून जाईल. तिनं चाकू जवळ ओढला. मग म्हणाली, "तीन वाजता आले, तवा काय मागत होते?"

"चाकूच."

"मंग तवा तरी द्याचा ना, काकू."

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती पुढे म्हणाली, "ते कोनाले शिक्षा करत नसतील. माह्या बाबाले शिक्षा करताच येत नव्हती. अटकले असतील अजून. ज्याचा हात सापडते त्याचा धरत असतील."

आम्ही त्याच दुपारी जिनिंगवर गेलो. राखणदार सुरभीला ओळखत होता. त्यानं काही न विचारता कुलूप काढलं आणि स्वतः बाहेर थांबला. आत पत्र्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. मशिनी ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांवर धूळ. तिसऱ्या मशीनवर धूळ नव्हती. तापलेल्या चामड्याचा वास तिथूनच येत होता. मी हात लावला. लोखंड गरम होतं.

मी चाकू उघडला. मूठ पुढे आणि पातं माझ्या बाजूला, हत्यार दुसऱ्याच्या हातात देतात तसा. रोलरच्या फटीजवळ धरला.

"घे, रूपराव," मी म्हणाले. "पूजा-बिजा काई नाई आता. घे गड्या..."

चाकू माझ्या बोटांतून गेला. निसटला नाही, ओढला गेला नाही. ओळखीचा माणूस घेतो तसा घेतला गेला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. सुरभीच्या हातावरचा पट्टा सैल झाला आणि जमिनीवर पडला. मग माझाही.

त्या दिवसापासून माझा हात मोकळा आहे. सुरभीचाही. महादेवरावाचं मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

पण त्याच वर्षी, दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं तर उंबऱ्यावर चाकू होता. नीट घडी घातलेला. खिळा ढिला झालेला, पातं डुलत होतं, सांध्यात रुई गच्च बसलेली. वर्षभर कामाला लागलेल्या हत्याराची जी अवस्था होते, तीच. आणि जिनिंग बंद होती, तिथं विजेची तारसुद्धा उरली नव्हती. मी काय करणार? आत घेतला, सुटा केला, साफ केला, नवा खिळा ठोकला, तेलाचा एक थेंब सोडला. दसऱ्याला कापड अंथरलं, पण तो चाकू पूजेत मांडला नाही. दहाच्या आधीच उंबऱ्यावर ठेवला, मूठ बाहेरच्या बाजूला करून. दहा वाजले तेव्हा उंबरा रिकामा होता.

त्याच्या पुढच्या वर्षी तसंच झालं. गेल्या वर्षीही.

आज सकाळी चौथ्यांदा आलाय. हा बघा, तुमच्यासमोरच आहे. सांध्यातून निघालेली ही रुई हाताळून बघा, मऊ आहे, ताजी आहे. आणि देवळीच्या बाजारात नवा कापूस यायला अजून पंधरा दिवस आहेत. पातं तर आता खराट्याच्या काडीएवढं उरलंय. मी धार लावताना हात जितका हलका ठेवता येईल तितका ठेवते, तरी आणखी एक-दोन वर्षांच्या पलीकडे ते टिकणार नाही. आतमध्ये अजून किती कापायचं राहिलंय, ते मात्र रूपरावनं मला सांगितलेलं नाही.